मोजणीचा दिवस

१२ जानेवारी

आज माझ्या बहिणीच्या, ब्रोन्काच्या गल्लीत फादर येऊन गेले. नाताळ झाला की ते घरोघर जातात. कोणत्या दिवशी कोणती गल्ली, हे आदल्या रविवारी चर्चमध्ये सांगतात. मग त्या गल्लीतल्या बायका जे घासणे-पुसणे काढतात ते पाहून वाटावे, फादर आशीर्वाद द्यायला नव्हे, झडती घ्यायला येणार आहेत. माझ्या बहिणीनेही टेबलावर पांढरे कापड घातले होते, त्यावर क्रूस, मेणबत्त्या, पवित्र पाण्याची वाटी. एरवी त्या टेबलावर औषधांच्या बाटल्या आणि मांजर असते. मांजराला कोळशाच्या खोलीत कोंडले होते आणि ते सगळी प्रार्थना होईपर्यंत ओरडत होते.

फादरांनी तब्येत विचारली. उत्तर द्यायला ब्रोन्काने तोंड उघडले आणि खोकलाच आला. तो थांबेपर्यंत फादर छताकडे पाहत राहिले. मग तिने अर्जाचे सांगितले. गल्लीतल्या सगळ्या घरांनी मिळून नगरपालिकेकडे अर्ज केला आहे, की ओतशाळेच्या धुराड्याखाली आता राहवत नाही, टेकडीपलीकडच्या नव्या वसाहतीत आम्हाला तळमजल्यावरची घरे द्या. नगरपालिका म्हणते, ओतशाळेचा हवेचा वार्षिक अहवाल मार्चअखेर येतो. त्यात धूर मर्यादेबाहेर असेल तर घरे देऊ.

तो अहवाल मी लिहिते.

फादर माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे निकाल घरातच आहे की."

मी म्हटले, "निकाल आकड्यांचा आहे, फादर. घराचा नाही."

परत येताना ही वही घेतली. मला डायरी लिहिण्याचा नाद नाही. पण या प्रकरणात दोन्ही बाजूंचे लोक माझे शब्द फिरवणार, हे उघड आहे. कोण काय बोलले ते त्याच दिवशी लिहून ठेवलेले बरे.

१९ जानेवारी

मालक कुलिक यांच्याशी बोलणे झाले. ते मूळचे साचे भरणारे कामगार. सरकारने ओतशाळा विकायला काढली तेव्हा यांनी ती घेतली आणि चालवून दाखवली. गटाराची झाकणे, चुलींच्या जाळ्या, पंपांची आवरणे असा बिडाचा माल. नव्या नियमाप्रमाणे वर्षातून दोनदा धुराड्यातल्या धुराची मोजणी करावी लागते आणि अहवालावर शिकलेल्या माणसाची सही लागते. गावात धातुशास्त्र शिकलेली मी एकटी. आमच्या वेळी क्राकूव्हच्या विद्यापीठात वर्गात मुली मोजक्याच होत्या, आणि प्राध्यापक आम्हाला भट्टीजवळ उभे करताना केस बांधा म्हणून ओरडत. शाळेतून निवृत्त होऊन घरी बसले होते, तेव्हा कुलिक स्वतः बोलवायला आले. गेल्या वर्षीचा अहवाल माझा पहिला.

मी त्यांना सरळ सांगितले, की माझी बहीण अर्जदारांत आहे. पाहिजे तर दुसरे माणूस शोधा. ते म्हणाले, "बाई, जसं निघेल तसं लिहा. तुमच्या सहीला गावात किंमत आहे, ती अशीच नाही."

हा माणूस मला आवडतो, हेही लिहून ठेवते.

१८ फेब्रुवारी

मोजणीची तारीख आज फळ्यावर लावली. ५ मार्च. गेल्या वर्षीही मी तारीख पुरेशी आधी लावली होती. गाठून पकडणे माझ्या स्वभावात नाही. शाळेत परीक्षेची तारीख आधी सांगत होते, तोच न्याय इथे.

भट्टीवरचे मुख्य मिस्त्री गेनेक यांनी टोपी काढून फळा वाचला. म्हणाले, तारीख एक दिवस अलीकडे घेता येईल का? कारण विचारले तर, "बायकांना बुधवार सोयीचा पडतो." मी म्हटले, कारखान्याचे वेळापत्रक बायकांच्या सोयीने ठरत नसते. यावर भट्टीवरची सगळी माणसे हसली. मी काही बोलले की ही माणसे हसतात. मला सवय आहे.

त्यांना बजावले, की त्या दिवशी काम रोजच्यासारखेच चालले पाहिजे. गेनेक म्हणाले, "रोजच्यासारखंच, इंजिनिअरबाई. तुमची मान खाली जाऊ द्यायचो नाही आम्ही."

माझ्या मानेचा इथे काय संबंध, ते कळले नाही. पण भावना चांगली होती.

५ मार्च

मोजणी झाली. दिवसभर प्रयोगशाळेच्या लोकांबरोबर धुराड्याच्या मचाणावर उभी होते. त्यांच्यावर माझा विश्वास नाही, अशातला भाग नाही. पण मोजणारा चहाला गेला आणि मोजणीची नळी नुसतीच लटकत राहिली, असे इतर कारखान्यांत झालेले ऐकले आहे. मी कुणाला चहाला जाऊ दिले नाही. चहा वर मागवला.

कारखान्याची शिस्त पाहून समाधान वाटले. अंगण पाण्याने धुतले होते. भंगाराच्या ढिगावर ताडपत्री ओढली होती, पावसाचे चिन्ह नसताना. गेनेकनी इस्त्रीचा सदरा घातला होता, भट्टीवर! दुपारी ओतकाम जरा संथ वाटले म्हणून वरूनच विचारले. साचे कमी तयार होते, असे उत्तर आले.

एक गोष्ट मात्र मुद्दाम लिहिते. मचाणावरून ब्रोन्काची लोन्कोवा गल्ली पूर्ण दिसते. आज त्या गल्लीतल्या झाडून सगळ्या अंगणांत धुणी वाळत होती. चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, सगळे पांढरे. काही बायका तर घाईघाईने अजून आणून टाकत होत्या. मार्चच्या गारठ्यात! आणि ब्रोन्काच्या अंगणात आईच्या वेळच्या जाळीदार किनारीच्या दुलया.

ज्यांच्या अर्जात लिहिले आहे की काजळीमुळे अंगणात रुमालसुद्धा वाळत घालता येत नाही, त्यांची ही अंगणे. मला फार राग आला. प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला, छान दिसतंय, सणासारखं. मी म्हटले, नळीकडे लक्ष द्या.

१८ मार्च

आकडे आले. धूळ मर्यादेच्या निम्म्याहून कमी. बाकीचे घटकही आत. दोनदा तपासले. गेल्या वर्षीच्या दोन्ही मोजण्यांशी जुळतात. शंका घ्यायला जागा नाही.

तरी संध्याकाळपर्यंत सही केली नाही. का, ते सांगता येत नाही. मग स्वतःलाच विचारले, की आकडे उलटे आले असते तर मी थांबले असते का? नसते थांबले. म्हणजे हा बहिणीचा लोभ. सही केली.

२४ मार्च

ब्रोन्काकडे गेले. बातमी दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावी म्हणून. तिने राय धान्याच्या आंबवलेल्या पिठाचे सूप केले होते. वाढले. मी सांगितले. ती चमचा तसाच हातात धरून बसली.

"तूच सही केलीस?"

"मीच."

"आणि रात्री झोप लागली?"

मी तिला समजावले. खोकल्याची कारणे अनेक असतात. तीस वर्षे कोळशाची चूल आहे, तिच्या नवऱ्याच्या सिगारेटी होत्या, नदीची ओल आहे. हे खोटे नाही. ती म्हणाली, "तुझ्या अहवालात माझा खोकला कुठल्या रकान्यात बसतो गं?" मी विचारले, मग तू बहीण आहेस म्हणून आकडे वाढवून लिहू का?

"वाढवू नकोस. खरं लिही, एवढंच म्हणते."

"खरंच लिहिलंय."

तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे बाजारात खोटे वजन टाकणाऱ्याकडे पाहतात. भांडली नाही. भांडली असती तर बरे झाले असते. दुसऱ्यांदा सूप वाढले नाही आणि मीही मागितले नाही.

१६ एप्रिल

नगरपालिकेची सभा. सभागृह भरले होते. अहवाल वाचला, प्रश्नांना उत्तरे दिली. ब्रोन्काची शेजारीण साबिना उठली आणि काजळीबद्दल बोलू लागली, की भाजीवर काजळी, बर्फावर काजळी, नातवंडांच्या नाकात काजळी. तिचे संपल्यावर मी उभी राहिले. म्हटले, मी स्वतः ५ मार्चला धुराड्यावर उभी होते, आणि साबिनाबाईंसकट सगळ्या गल्लीची पांढरी धुणी अंगणात वाळताना मी पाहिली आहेत. काजळी पडते तिथे कोणी पांढऱ्या चादरी वाळत घालत नाही.

सभागृहात मोठा हशा झाला. कारखान्याची माणसे मागच्या बाकांवर होती, ती तर एकमेकांच्या खांद्यावर डोके ठेवून हसत होती. साबिनाचे तोंड लाल झाले. तिने काही बोलायला सुरुवात केली, मग शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिले आणि खाली बसली. तिचा नवरा भट्टीवर आहे.

अर्ज फेटाळला. तळमजल्यावरची घरे आता वसाहतीच्या यादीतल्या इतर लोकांना जातील.

ब्रोन्का सभा संपायच्या आधीच उठून गेली होती. पायऱ्यांवर गाठले. मी हात पुढे केला. तिने कठडा धरला.

मी योग्य तेच केले. हे वाक्य मी आज तिसऱ्यांदा मनात म्हणते आहे, आणि योग्य गोष्ट इतक्यांदा म्हणावी लागत नाही हेही मला कळते.

४ मे

हे जसे झाले तसे लिहिण्याचा प्रयत्न करते.

आज संत फ्लोरियनचा दिवस. भट्टीवाल्यांचा सण. सकाळी चर्च, मग कारखान्याच्या अंगणात सॉसेज आणि बिअर. गेल्या वर्षी मी तासभर बसून निघाले होते. आज उठणार तेवढ्यात गेनेक ग्लास घेऊन उभे राहिले. थोडे चढले होते, पण जीभ जड नव्हती.

म्हणाले, आधी इथे सरकारकडून जो शिकलेला माणूस यायचा तो धाड घालायचा. एकदा ऐन कामात येऊन उभा राहिला, काय काय निघालं, दंड बसला, दोन महिने आमची चूल बंद. आणि आपल्या इंजिनिअरबाई! फादरांसारख्या. आधी तारीख सांगतात. तारीख कळली की माणूस घर झाडतो, पांढरं कापड घालतो, मांजर कोंडतो. फादरांना काय ठाऊक नसतं का, की रोज टेबलावर मांजर असतं? ठाऊक असतं. पण ते मान राखतात, आपणही राखतो.

सगळ्यांनी ग्लास उचलले. साबिनाच्या नवऱ्याने माझ्या हातात ग्लास दिला.

मी विचारले, "मिस्त्री, मांजर म्हणजे काय?"

अंगण हसले. त्यांना वाटले मी गंमत करते आहे. मी पुन्हा विचारले तेव्हा गेनेक माझ्या खुर्चीजवळ आले आणि हळू आवाजात सांगितले, लहान मुलाला सांगतात तसे. मोजणीच्या दिवशी भट्टीत भंगार जात नाही. रोज जाते ते भंगार, म्हणजे रंग लावलेले रेडिएटर, तेलाने माखलेली इंजिने, रबराच्या कडा तशाच चिकटलेल्या. त्या दिवशी नुसते पिग आयर्न, म्हणजे खनिजातून काढलेले कोरे कच्चे लोखंड, महाग असले तरी, आणि भट्टीत फुंकायची हवा अर्ध्यावर. म्हणून धूर स्वच्छ. म्हणून आदल्या दिवशी भट्टीवरची माणसे घरी सांगतात, आणि गल्लीतल्या बायका वर्षभराचे पांढरे कपडे धुवायला काढतात.

"बुधवार सोयीचा का, तर गुरुवारी त्यांचा बाजार असतो," ते म्हणाले. "तरी बाजार सोडून धुतलं त्यांनी."

मी ग्लास टेबलावर ठेवला. घरी कशी आले ते आठवत नाही असे लिहिणार होते, पण चांगले आठवते. चालत आले. वाटेत सगळ्यांनी नमस्कार केला.

५ मे

कुलिकांच्या खोलीत गेले. बसायला सांगितले, बसले नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि खरोखर चकित झाले.

"बाई, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"सभेत तुम्ही धुण्याचं काढलंत तेव्हा मला वाटलं, काय हुशार बाई आहे. त्यांच्याच धुण्याने त्यांना बडवलं."

मी म्हटले, अहवाल खोटा आहे, मागे घ्यायला हवा. ते म्हणाले, त्यातला कुठला आकडा खोटा आहे ते दाखवा. ५ मार्चला धुराड्यातून जे निघाले तेच तुम्ही लिहिले. मग कळवळून म्हणाले, रोज पिग आयर्न वापरले तर झाकणे विकत घेईल कोण? भंगार बंद म्हणजे कारखाना बंद. साबिनाचा नवरा कुठे जाईल? सगळी गल्ली याच भट्टीवर जेवते.

हे खोटे नाही. मीच ब्रोन्काला असे म्हणाले होते, खोकल्याच्या कारणांबद्दल. हे खोटे नाही, म्हणून.

११ जून

प्रयोगशाळेशी करार माझ्या सहीने होतो. मी त्यांना आज बोलावले. फळ्यावर काही लावले नाही.

गाडी फाटकातून आत आली तेव्हा गेनेक भट्टीच्या तोंडाशी होते. आधी गाडीकडे पाहिले, मग धावत फळ्याकडे गेले. फळा कोरा पाहून माझ्याकडे आले. सदरा काळा, तोंड काळे. मी वाट पाहत होते की ते ओरडतील. ओरडले नाहीत.

"घरात माणूस उघडा असताना दार ढकलू नये, बाई."

मी म्हटले, काम थांबवू नका. त्यांनी थांबवले नाही. मला वाटते, अभिमानाने थांबवले नाही. ढिगातून रेडिएटर उचलून टाकत राहिले, माझ्याकडे पाहत. धुराड्यावर आम्हाला रुमाल तोंडाला बांधावा लागला. गल्लीत एका अंगणातही दोरीवर काही नव्हते. हे मी वर्षभर रोज पाहत होते, आणि मला ते कधी दिसले नव्हते.

२९ जून

धूळ मर्यादेच्या चौपट. बाकीचे लिहवत नाही. दुरुस्तीचा अहवाल प्रांत कार्यालयाला आणि नगरपालिकेला पाठवला, रजिस्टर टपालाने. खाली माझी सही. सुटल्यासारखे वाटेल असे वाटले होते.

३ जुलै

ब्रोन्काकडे प्रत घेऊन गेले. तिला आता घरी प्राणवायूचे यंत्र लावले आहे. नाकात नळी, यंत्राची घरघर. मी आकडे वाचून दाखवले.

ती म्हणाली, "घरांच्या किल्ल्या परवाच वाटल्या. साबिना बघून आली. खाली बाग केलीय म्हणे."

मी म्हटले, नवा अहवाल आहे, अर्ज पुन्हा करता येईल. आणि मला माहीत नव्हते, ब्रोन्का. देवाशपथ माहीत नव्हते.

तिने नाकातली नळी नीट बसवली.

"मला वाटत होतं, तुला माहीत आहे," ती म्हणाली. "मला वाटत होतं, नोकरीसाठी तू केलंस, आणि तोंड वर करून केलंस. राग होता, पण समजत होतं. पोटासाठी माणूस करतो. पण माहीत नव्हतं? साऱ्या गल्लीला माहीत, साबिनाच्या नातवाला माहीत, आणि क्राकूव्हला शिकलेल्या माझ्या बहिणीला माहीत नाही?"

"नव्हतं."

"हे बाहेर कुणाला सांगू नकोस, रेजिना. त्यापेक्षा लबाड म्हणवून घे. लबाडाला लोक निदान घाबरतात."

मी विचारले, तुला माहीत होते तर तू मला का सांगितले नाहीस? मार्चमध्ये, इथेच, सूप वाढताना?

ती म्हणाली, "खरं लिही म्हटलं होतं की. अजून कसं सांगायचं असतं?"

दुलयांबद्दल विचारायचे होते. नाही विचारले. वर्षातून दोन दिवस अंगण मिळते, तर माणूस दुलया घालणारच.

८ ऑगस्ट

दुकानाच्या रांगेत साबिना पुढे होती. वळून म्हणाली, "झालं समाधान? दोन दिवस तरी कपडे पांढरे वाळायचे, तेही तुम्ही घालवलेत." मागून कोणीतरी म्हणाले, सोड, तिला काय, ती चौथ्या मजल्यावर राहते. ब्रेड घेतला आणि आले.

प्रांत कार्यालयाकडून काही नाही.

२२ सप्टेंबर

कारखान्यात भिंत बांधताहेत.

साच्यांच्या मोठ्या दालनाच्या बरोबर मधोमध, विटांची, छतापर्यंत. मी विचारले तर गवंडी म्हणाला, मालकांना विचारा. मालकांनी कॉफी मागवली आणि समजावून सांगितले. वार्षिक अहवाल कुणी द्यायचा, याला नियमात एक हद्द आहे. दिवसाला ठरावीक टनांच्या वर ओतकाम करणाऱ्यानेच. त्याखालच्याला काही नाही. कारखान्याचे आता दोन कारखाने होतात. डावीकडचा कुलिकांचा, उजवीकडचा त्यांच्या मेव्हण्याचा. भट्टी एकाची, धुराडे दुसऱ्याचे, एकमेकांना भाड्याने.

"दोघंही लहान," ते म्हणाले. "लहानांना कोण विचारतो?"

मी म्हटले, धूर तोच आहे.

"धूर तोच. पण तो आता कुणाचाच नाही." मग खरोखर आपुलकीने म्हणाले, "तुमच्यावर राग नाही, बाई. उलट उपकारच. इतकी वर्षं मी तो कायदा उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. तुम्हीच वाचायला लावलात."

अहवाल नाही म्हणजे माझी जागाही नाही. महिनाअखेर काम संपेल. कुलिकांनी पांढऱ्या कार्नेशनच्या फुलांचा गुच्छ दिला. गेनेक दोन्ही कारखान्यांचे मिस्त्री झाले आहेत. जाताना ते भिंतीला ठेवलेल्या दारात उभे होते, एक पाय इकडे, एक तिकडे. त्यांनी टोपी काढली नाही.

आता मोजणी नाही, म्हणजे मोजणीचा दिवसही नाही. पिग आयर्नची शेवटची गाडी कुलिकांनी विकून टाकली.

१७ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणतात, ब्रोन्काला त्या हवेतून हलवा. मी माझे घर देऊ केले. मी तुझ्या घरात राहीन, तू माझ्या. ती लगेच तयार झाली, आभाराचा शब्द न काढता, आणि ते मला आवडले. आज तिला घेऊन आले. यंत्र टॅक्सीत ठेवले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या वळणावर ती थांबली. भिंतीला टेकून उभी राहिली. खालच्या मजल्यावरच्या बाईने खुर्ची आणून दिली. पुष्कळ वेळाने ब्रोन्काने वर पाहिले, जिन्याच्या मधल्या पोकळीतून, चौथ्या मजल्याकडे, आणि हसली.

"तळमजला मागितला होता," म्हणाली.

टॅक्सी परत बोलावली.

५ नोव्हेंबर

प्रांत कार्यालयाचे उत्तर आले. ते घेऊन ब्रोन्काकडे गेले, कारण आता दुसऱ्या कुणाला दाखवण्यासारखे राहिले नाही. ती पलंगावर बसली होती, पाठीला उशा. यंत्र चालू. मी चष्मा लावला. तिने मोठ्याने वाचायला सांगितले.

कार्यालय लिहिते, की आमच्या नगरपालिका हद्दीत हवेचा अहवाल देण्यास बांधील अशी कोणतीही ओतशाळा नोंदलेली नाही. सबब दुरुस्तीचा अहवाल विचारात घेण्याचे कारण उरत नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे.

"पुन्हा वाच," ब्रोन्का म्हणाली.

पुन्हा वाचले.

"म्हणजे ओतशाळा नाही."

"नोंदीत नाही."

"बरं झालं. केवढं लांबवलं सगळ्यांनी." तिने श्वास घेतला, थांबली, परत घेतला. "मग खिडकी उघड."

मी बसूनच राहिले.

"उघड की, इंजिनिअरबाई. ओतशाळा नाही, तर हवा स्वच्छच असेल. कधीपासून बंद आहे ती खिडकी."

मी उठले. खिडकीपाशी गेले, कडीला हात घातला. समोर धुराड्याने दुपारचे काम सुरू केले होते. मी कडी चाचपून पाहिली. जरा ढिली होती. ती घट्ट दाबून बसवली, आणि तिच्याजवळ येऊन बसले.